अपरांता म्हटलं तर ओ नाही

नागपुरात नंदनवनला भैयाजी तितरमारेंच्या घरात एकवीस वर्षं रोज सकाळी एक हाक मारली जायची, आणि एकवीस वर्षं त्या हाकेला ओ मिळाली नाही. "अपरांता!" भैयाजी बैठकीतून ओरडायचे. "चहा आण!" स्वयंपाकघरात त्यांची सून शामला उभी असायची, चहा उकळून तयार असायचा, पण बाई जागची हलायची नाही. मग दुसरी हाक, वरच्या पट्टीत. मग तिसरी, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशी. शेवटी भैयाजी वैतागून "अवो, कोणी हाये का घरात?" म्हणायचे, तेव्हा कुठे कपबशी बाहेर यायची. तोवर चहा निवलेला असायचा. निवलेल्या चहाची भैयाजींनी सवय करून घेतली, पण हाक काही बदलली नाही.

लोकांना वाटायचं, सासरा-सुनेची गंमत आहे. कसली डोंबलाची गंमत! ते युद्ध होतं, आणि दोघांपैकी एकालाही ते थांबवायचं नव्हतं.

भैयाजी मूळचे कुहीकडचे. गावी धानाची शेती, आणि कुहीच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास-भूगोलाची मास्तरकी. माणूस हुशार, यात वाद नाही. सरकारी वाचनालयातली जुनी, वाळवी लागलेली पुस्तकं वाचून त्यांनी गावांच्या, नद्यांच्या, प्रांतांच्या नावांचा अभ्यास केला. कुठलं नाव कुठून आलं, कोणी दिलं, काहून दिलं, हे त्यांना तोंडपाठ. शाळेत त्यांचा एक नियम होता. हात वर करणाऱ्या पोराला उत्तर मिळालंच पाहिजे. कितीही अडाणी प्रश्न असो, त्याला 'खाली बस' म्हणायचं नाही. आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असं सांगायचं, थापा मारायच्या नाहीत. पोरं या नियमापायी त्यांच्यावर जीव टाकायची. घरात मात्र त्यांना कोणी प्रश्न विचारलेला खपत नसे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली होती. देशाचा मध्य नागपुरात. झिरो माईलचा खांब त्यांच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर. "मधात उभं राहिलं की चारही टोकं बरोबर दिसतात," असं ते म्हणायचे. गंमत म्हणजे चारपैकी एकाही टोकाला ते गेले नव्हते. समुद्र त्यांनी जन्मभर फळ्यावर निळ्या खडूनं रंगवला, डोळ्यांनी कधी पाहिला नाही.

त्यांच्या या घरात शामला आली ती थेट त्या समुद्राकाठून. गुहागरजवळच्या पालशेतची पोर. वडिलांची छोटी खानावळ होती. भैयाजींचा मुलगा जितेंद्र तिकडे एका कंपनीच्या कामावर दोन वर्षं होता, रोज तिथे जेवायचा. सोलकढी वाढता वाढता जमलं दोघांचं. भैयाजींना आधी राग आला, मग एकाएकी ते खूश झाले. का खूश झाले ते लग्नाच्या दिवशी कळलं.

गृहप्रवेश मुद्दाम गावी, कुहीच्या जुन्या घरी झाला. परातीत तांदूळ पसरले. नव्या सुनेचं नवं नाव अंगठीनं तांदळात लिहायचं, ही रीत. जितेंद्रनं आपलं ठरवून ठेवलं होतं, शामलाच लिहायचं. तिलाही तसं सांगितलं होतं. तो वाकला तेवढ्यात भैयाजींनी त्याच्या हातातली अंगठी काढून घेतली. "सरक गा तिकडं," म्हणाले, आणि परातभर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, अपरांता.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, सुनेच्या नावात अंत काहून?" बस, एवढंच निमित्त पाहिजे होतं. पंगत खोळंबली, वरण थंड झालं, आणि भैयाजींनी उभ्यानं व्याख्यान ठोकलं. कोकणाचं जुनं नाव अपरांत. अपर म्हणजे पश्चिमेकडचा, अंत म्हणजे शेवट, सीमा. अशोकाच्या शिलालेखात ते नाव आहे. शूर्पारक, म्हणजे आजचं सोपारा, तिथलं मोठं बंदर. "हे नाव आपल्या घरात चालून आलं," ते म्हणाले, "दोन हजारांहून जास्त वर्षांचं नाव मी या पोरीले देऊन राहिलो!"

बावीस वर्षांची शामला पाटावर बसून ऐकत होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात जोडून सांगितलं, "मामाजी, माझं नाव माझ्या आजीनं ठेवलंय. मला तेच असू दे."

"तुले काय समजते त्यातलं?" भैयाजी म्हणाले. "हजार बायकांत शामला सापडन. अपरांता सापडन का?"

"मला सापडायचं नाहीये कुणाला."

"रीत हाये ही. तांदळात लिहिलं म्हणजे लिहिलं."

त्या दिवसापासून शामलानं ओ देणं बंद केलं. भांडण नाही, रडारड नाही. नुसती ऐकू न आल्यासारखी वागायची. सासूबाई यमुताई मोठ्या शहाण्या. स्वयंपाकघरात शामला म्हणायच्या, बैठकीत नावच घ्यायच्या नाहीत. जितेंद्र दोन्हीकडून मार खायचा. बापापुढे "अहो ती..." म्हणायचा, बायकोपुढे "जाऊ दे ना वं, नावात काय एवढं" म्हणायचा आणि मग दोन दिवस त्याला नुसती खिचडी मिळायची.

भैयाजी कसले ऐकतात! रेशनकार्डावर त्यांनी स्वतः फॉर्म भरून अपरांता घातलं. मतदार यादीत घातलं. नात सोनिका झाली तेव्हा तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अपरांता. शामला ओली बाळंतीण, तिला विचारतो कोण? पुढे सोनिकाच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी शामलाच्या दहावीच्या प्रमाणपत्राशी नाव जुळेना. मग शामला पोरीला कडेवर घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरली. प्रतिज्ञापत्रं केली, राजपत्रात छापून घेतलं, एकेका कागदावरून ते नाव खरवडून काढलं. तीन वर्षं गेली त्यात. शेवटचा कागद हातात आला त्या दिवशी तिनं तो भैयाजींच्या ताटाशेजारी ठेवला. भैयाजींनी वाचला, घडी केली आणि म्हणाले, "सरकारच्या कागदानं इतिहास बदलत नसतो." मग चार महिने ते तिच्या हातचं जेवले पण तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते चार महिने बरे गेले.

पाहुण्यांसमोर तर त्यांच्या जिभेला हाडच नसायचं. "आमची सून पार टोकावरून आणली," म्हणायचे. भाजीत मीठ जास्त पडलं की, "समुद्राकाठची हाये, सवय हाये तिले." आमटीत नारळ दिसला की वाटी सरकवून द्यायचे. शामलाही काही देवमाणूस नव्हती. तीही मग सलग आठवडाभर नारळ घालायची. खा म्हणावं नाहीतर राहा उपाशी!

इथवर हे चाललं असतं जन्मभर. पण सोनिका चार वर्षांची होती तेव्हा जे झालं, त्यानंतर शामलाच्या मनात या माणसाविषयी काही म्हणता काही उरलं नाही.

शामलाच्या माहेरून घरच्या फोनवर फोन यायचा. उचलायचे भैयाजी. "शामलाला द्या" म्हटलं की ते म्हणायचे, "इथं शामला नावाचं कोणी राहत नाही." तिचा भाऊ गोविंदा कंटाळून "तुमच्या सूनबाईंना द्या" म्हणायला शिकला होता. एका दुपारी तिच्या वडिलांना छातीत कळ आली. गोविंदा त्यांना घेऊन चिपळूणला धावला आणि शेजाऱ्याला म्हणाला, ताईला कळव. शेजाऱ्याला ही भानगड काय माहीत? त्यानं शामलाला मागितलं. भैयाजींनी आपलं रोजचं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. चुकीचा नंबर समजून तो बिचारा गप्प बसला. शामला तेव्हा दहा पावलांवर कपडे वाळत घालत होती.

वडील दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. गोविंदानं जितेंद्रला कामावर गाठलं तेव्हा दुपार झाली होती. नागपूरहून पालशेत म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. शामला पोचली तेव्हा अंगणात नुसत्या खुर्च्या होत्या. वडिलांनी शुद्धीवर असेपर्यंत तीनदा तिचं नाव घेतलं, असं गोविंदानं सांगितलं.

परत आल्यावर तिनं भैयाजींना एकच विचारलं, "फोन आला होता का?"

"आला होता," भैयाजी म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्यानं नाव नीट सांगाले पायजे होतं. मले काय सपन पडते का?"

यमुताईंनी पदर तोंडाला लावला. शामला तिथून उठून आत गेली. त्या दिवसानंतर ती भैयाजींशी गरजेपुरतं बोलायची, वेळेवर गोळ्या द्यायची, धंतोलीला डॉक्टरकडे न्यायची, आणि त्यांचा मनापासून द्वेष करायची. द्वेषच, दुसरा शब्द नाही त्याला. यमुताई वारल्या तेव्हाही सासरा-सून एकमेकांकडे पाठ करून रडले.

आणि आता, म्हणजे परवाच्या डिसेंबरात, भैयाजींचं पुस्तक निघालं. वय अठ्ठ्याहत्तर, तीस वर्षांचा अभ्यास, एकशे बारा पानं. विषय अर्थातच अपरांत. त्यांचा जुना विद्यार्थी श्रीधर छापखाना चालवतो, त्यानं हौसेनं छापलं, प्रकाशनाला हॉल घेतला. पहिलं पान सोनिकानं उघडलं. ती आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, आईच्या बाजूची. तिनं आईला वाचून दाखवलं. 'हे प्राचीन नाव अभिमानानं मिरवणारी माझी सून चि. सौ. अपरांता हिस.' निमंत्रणपत्रिकेतही छापलं होतं, सौ. अपरांता तितरमारे यांचा सत्कार.

"मिरवणारी?" शामला म्हणाली. "अभिमानानं?"

"आई, तू जाऊच नको."

पण भैयाजींनी सगळा बंदोबस्त केला होता. जेवताना त्यांनी जितेंद्रला सांगितलं, शामलाला ऐकू जाईल असं. "पाचशे प्रतींत छापलं मी. चारचौघांत नाव पुकारल्यावर ती उठली नाही, तर माझं तोंड काळं झालं समज. मग हे घर माझ्या नावावर हाये, तू आपला संसार मौद्याले घेऊन जाय."

जितेंद्र मौद्याच्या वीज केंद्रात कामाला, रोज इथून ये-जा करायचा. तो घामाघूम झाला. आत येऊन म्हणाला, "एक वेळ उठ ना वं. दोन मिनिटांचं काम. शाल घ्यायची, खाली यायचं. सोनिकाचं कॉलेज इथं आहे, घर इथं आहे."

"तुम्ही उठा," शामला म्हणाली. "घ्या ती शाल. तुम्हालाच शोभेल."

तिसऱ्या दिवशी तिनं ते पुस्तक घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून एकशे बाराच्या एकशे बारा पानं वाचून काढली. तीस वर्षांत त्या घरात भैयाजींचं लिखाण पूर्ण वाचणारी ती पहिलीच.

हॉल भरला. कुहीचे जुने विद्यार्थी, नंदनवनातले शेजारी, दोन-तीन प्राध्यापक. शामला पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला जितेंद्र, दुसऱ्या बाजूला सोनिका. भैयाजींचं भाषण झालं. झिरो माईल आला, शिलालेख आला, शूर्पारक आलं. टाळ्या झाल्या. मग श्रीधर ध्वनिक्षेपकाशी आला. "आता ज्यांचं नावच या पुस्तकाचा विषय आहे, त्या अपरांतावहिनींना विनंती, त्यांनी मंचावर यावं."

कुणी उठलं नाही. श्रीधरनं पुन्हा पुकारलं. जितेंद्रनं कोपर मारलं. शामला समोर बघत राहिली. लोक माना वळवायला लागले. भैयाजींनी श्रीधरच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. "अपरांता!" त्यांनी स्वतः हाक मारली. "ये वर."

शामलानं बसल्या जागी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा, सरळ. "मला एक प्रश्न आहे."

हॉलमधल्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू आलं. एकजण मागून ओरडला, "गुरुजी, हात वर केला, आता तुमची सुटका नाही!" भैयाजींनाही हसल्यासारखं करावं लागलं. छत्तीस वर्षांचा नियम, आणि समोर त्या छत्तीस वर्षांत शिकवलेली पोरं. "विचार," ते म्हणाले.

शामला उठून उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. "पुस्तकात लिहिलंय, अपरांत म्हणजे पश्चिमेचा शेवट. शेवट कुणाचा?"

"मधल्या देशातल्या लोकांचा. त्यांच्या राज्यापासून पाहिलं की पश्चिमेले जमीन तिथं संपते. म्हणून अपरांत." प्रश्न बरा होता, भैयाजी खुलले. "नाव देणारा जिथं उभा राहते, तिथूनच दिशा ठरते."

"म्हणजे नाव मधल्यांनी दिलं. समुद्राकाठच्या लोकांनी स्वतःला हे नाव घेतलं होतं का? त्यांनी स्वतःहून म्हटलंय, आम्ही शेवटचे, असा एक तरी दगड, एक ताम्रपट तीस वर्षांत तुम्हाला सापडला का?"

भैयाजींना हो म्हणता आलं असतं. हॉलमध्ये कुणाला कळणार होतं? पण थाप मारायची नाही, हाही नियमच. "नाही," ते म्हणाले. "मले सापडला नाही."

"मग ते लोक आपल्या मुलखाला काय म्हणायचे?"

"माहीत नाही."

"का माहीत नाही?"

"नोंद नाही," भैयाजी म्हणाले. "लिहिणारे मधातले होते."

"त्यांना कुणी विचारलंच नाही, असंच ना? ज्यांची भूमी, ज्यांची घरं, त्यांना तुमचं नाव काय हे कुणी विचारलं नाही. लांबून बघितलं आणि टोक म्हणाले. आमच्या पालशेतात कुणी समुद्राला शेवट म्हणत नाही, मामाजी. आमच्या होड्या तिथून निघतात. आमचा दिवस तिथे सुरू होतो. आणि मला तरी कुठं विचारलं होतं तुम्ही? माझं नाव होतं. चांगलं होतं. ते पुसून तुम्ही मला शेवट म्हणालात, आणि वर पुस्तकात छापलंत की मी ते मिरवते. हे खोटं आहे. तुमच्या एकशे बारा पानांत तेवढी एक ओळ धडधडीत खोटी आहे, आणि तुम्हाला ती माहीत होती."

प्राध्यापकांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघितलं. श्रीधर शाल हातात धरून तसाच उभा. भैयाजींचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा टरारल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांना भरसभेत कुणी खोटं म्हटलं नव्हतं, आणि सुनेनं म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. त्यांनी ध्वनिक्षेपक मुठीत आवळला आणि सगळा नियम, सगळा अभ्यास विसरून ओरडले, "शामला! बस खाली!"

आवाज भिंतींवर आपटून परत आला. सोनिकानं आईचा हात घट्ट धरला. जितेंद्रनं मान वर केली. भैयाजींच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, पण तोंडातून गेलेलं परत घ्यायला काही वाव नव्हता.

"ओ," शामला म्हणाली.

मग तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "बसते. या नावानं सांगितलं असतंत ना मामाजी, तर एकवीस वर्षं जे म्हणाल ते केलं असतं."

आणि ती खाली बसली.